मोजे आधी, रंग मागाहून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पाचजणी दर शनिवारी दुपारी एकत्र बसून विणता. स्वेटर, टोपडी, शाली सगळ्यांच्या हातून झाल्या आहेत. आता पायमोजे शिकायचे आहेत आणि दोन रंगांची नक्षीही घालायची आहे. एकीचं म्हणणं, थेट नक्षीचाच मोजा घेऊ, म्हणजे कंटाळा येणार नाही. दुसरीला पाच बारीक सुयांची धास्ती वाटते. सुरुवात कुठून करावी, लोकर कोणती घ्यावी आणि गटात शिकायचं तर कसं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी अठ्ठावीस वर्षं मोजे विणते आहे, पंधरा वर्षं शिकवते आहे. माझं मत अगदी स्पष्ट आहे: मोजा आणि नक्षी एकाच वेळी शिकू नका. आधी साधा मोजा, निदान दोन जोड. मग रंग.

नक्षीचा माझा पहिला जोड मी सासूबाईंसाठी विणला होता. नाशिकची थंडी, त्यांचे पाय रात्री गार पडायचे. किरमिजी रंगावर सायीच्या रंगाची नक्षी, पोटरीवर चार बोटं रुंद पट्टा. दिसायला फार सुरेख झाला होता. त्या पलंगावर बसून दोन्ही हातांनी ओढत होत्या, पण मोजा टाचेपाशी अडला तो अडलाच. "राहू दे गं, जपून ठेवते," म्हणाल्या. मला त्या रात्री झोप आली नाही. माप मी नीट घेतलं होतं, टाके बरोबर होते, तरी हे का झालं ते मला कळेना. ते कळायला पुढे दोन जोड उसवावे लागले.

कारण असं. दोन रंगांनी विणताना जो रंग त्या टाक्यात नको असतो, त्याचा धागा मागून सरळ पुढे जातो. टाक्याला वळण असतं, म्हणून तो ताणतो. मागचा धागा सरळ असतो, तो ताणत नाही. माझ्या पावलाचा घेर २२ सेंटिमीटर आहे, पण टाचेच्या टोकापासून घोट्यावरून तिरका घेर घेतला तर तो ३१ भरतो. साधा मोजा २० सेंटिमीटरचा असला तरी ताणून ३१ होतो आणि पाय आत गेला की परत आवळतो. मागचे धागे घट्ट असले तर २२ चा पट्टा २२ च राहतो. स्वेटरमध्ये हा दोष खपून जातो, कारण स्वेटरला टाच ओलांडावी लागत नाही. म्हणून तुमच्यापैकी कुणी स्वेटरवर नक्षी केलेली असली तरी मोज्यावरची नक्षी तिला नव्याने शिकावी लागेल. आणि मोज्याची टाच कशी वळते, ताण कुठे येतो, हे हाताला आधीच ठाऊक असेल तर हे शिकणं फार सोपं जातं.

आता पाच सुयांची धास्ती. ती पहिल्या चार फेऱ्यांपुरतीच असते. एका वेळी विणणाऱ्या सुया दोनच, बाकीच्या नुसत्या टाके धरून बसलेल्या असतात. पहिल्या फेऱ्यांत त्या लोंबतात, आपटतात, एखादी निसटून पडते. एक युक्ती करा. टाके घालून झाल्यावर लगेच गोल जोडू नका. दोन ओळी मागे-पुढे सपाट विणा, मग चार सुयांवर वाटून गोल जोडा. खाली उरलेली छोटी फट शेवटच्या धाग्याने शिवून टाकायची. दोन ओळींची पट्टी झाली की टाके पिळलेत का तेही डोळ्यांना दिसतं. दोन सुयांच्या सांध्यावर शिडीसारखी विरळ उभी रेघ पडते, तिच्यावर उपाय म्हणून सगळे पहिला टाका ओढायला सांगतात. माझा अनुभव, दुसरा टाका विणल्यावर ओढ द्या, रेघ लवकर जाते. लांब तारेच्या एकाच गोल सुईवर वेटोळं करून विणायची रीतही चांगली आहे. तुमच्यापैकी कुणाला ती जमत असेल तर तिने ती खुशाल वापरावी, पण पहिला मोजा तरी सगळ्यांनी एकाच रीतीने विणा. पाचजणींच्या पाच रीती असल्या की एकमेकींची चूक शोधता येत नाही.

पहिला मोजा तान्ह्या बाळाचा घ्या. बाळंतविड्यात टोपडं, स्वेटर आणि मोजे घालायची आपल्याकडे रीत आहेच, पण आपण बहुतेकजणी बाळाचे मोजे दोन सुयांवर सपाट विणून शिवतो. यावेळी गोल विणा. स्वेटरची नेहमीची लोकर, १० नंबरच्या सुया, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आणि ३२ टाके. चार सुयांवर आठ-आठ टाके. दोन सुलट, दोन उलट अशा पंधरा-सोळा फेऱ्या, मग थोड्या साध्या. आणि मग टाच.

टाचेवर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण मोजा म्हणजे टाच, बाकी सगळी नळी. निम्मे टाके, म्हणजे १६, एका सुईवर घ्या. उरलेले १६ पावलाच्या वरच्या बाजूचे, त्यांना तसंच राहू द्या. टाचेच्या टाक्यांवर मागे-पुढे १६ ओळी विणायच्या. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा. त्यामुळे कडेला साखळी तयार होते, दोन ओळींना एक कडी, म्हणजे प्रत्येक बाजूला आठ कड्या. या कड्या स्वच्छ असल्या की पुढचं निम्मं काम सोपं.

मग टाच वळवायची. इथे टाके पूर्ण न विणता मध्येच मागे फिरायचं असतं, आणि स्वेटर विणणाऱ्या हाताला तेच चूक वाटतं. विश्वास ठेवून करा. १० सुलट विणा. पुढचे दोन टाके एकेक करून सुलट विणल्यासारखे उजव्या सुईवर घ्या आणि मागून एकत्र विणा. एक सुलट. वळा. तीन टाके पलीकडे तसेच राहिलेत, राहू द्या. आता पहिला टाका उचला, पाच उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, वळा. इकडेही तीन राहतील. पुढच्या ओळीत पहिला उचलून सहा सुलट विणले की एक फट दिसते. मागे जिथून फिरलात तीच ती जागा. फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र विणायचा, पुढे एक सुलट, वळायचं. उलट बाजूनेही तसंच. शेवटच्या दोन ओळींत एकत्र विणल्यावर पुढे टाका उरत नाही, ते बरोबर आहे. सुईवर दहा टाके राहतील आणि हातात एक छोटी वाटी येईल. शिकवताना ही वाटी पहिल्यांदा हातात आली की प्रत्येकीचा चेहरा कसा होतो ते मी इतक्या वर्षांत पाहत आले आहे, आणि अजून मला ते पाहायला आवडतं.

पुढे कडेच्या आठ-आठ कड्यांतून टाके उचलायचे, वरच्या १६ टाक्यांसह गोल जोडायचं. एकूण ४२ होतात. टाचेच्या दोन्ही कडांना एक फेरी सोडून एक टाका कमी करत पुन्हा ३२ वर यायचं. कोपऱ्यात भोक पडतं असं वाटलं तर तिथे एक टाका जास्त उचला आणि तो पुढच्याच फेरीत शेजारच्याबरोबर विणून टाका.

मोठ्या माणसाच्या मोज्याला हेच सगळं. फक्त लोकर बारीक, सुया १३ नंबरच्या म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या किंवा अडीच मिलिमीटरच्या, आणि टाके ६४. टाच ३२ टाक्यांची, ३२ ओळींची, कड्या सोळा-सोळा, वळवताना पहिल्या ओळीत १८ सुलट. म्हणजे टाचेच्या निम्म्याहून दोन जास्त, हा हिशेब कायम लक्षात ठेवा. टाच वळून झाली की १८ टाके उरतात. ६४ हा आकडा आला कुठून? पावलाचा घेर २२, त्यातून साधारण दहावा हिस्सा कमी करायचा, म्हणजे २०. माझ्या हाताने सेंटिमीटरला ३.२ टाके येतात. गुणून ६४. तुमचा हात सैल असेल तर तुम्हाला ५६ लागतील, घट्ट असेल तर ७२. मोजा पावलापेक्षा लहानच हवा, घेराला आणि लांबीलाही. पावलाएवढा विणला तर चार दिवसांत घसरून चपलेत गोळा होतो. बोटांच्या टोकापासून पाच सेंटिमीटर अलीकडे आलात की चवडा मिटवायला लागा: एक फेरी सोडून चार टाके कमी करत ३२ पर्यंत, मग प्रत्येक फेरीत कमी करत १६ पर्यंत, आणि शेवटी आठ-आठ टाके समोरासमोर धरून जाड सुईने सांधायचे.

त्या सांधणीला किचनरचं नाव आहे. हाच लॉर्ड किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता. सांधणी मात्र शांतपणे, एकटीने बसून करा. टाच वळवताना आणि चवडा सांधताना गप्पा नकोत, हा आमच्या गटातला एकमेव कडक नियम आहे.

लोकरीबद्दल. दुकानात लोकर म्हणून जी मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. सरावाला ती उत्तम, धुवायला सोपी, बाळाच्या मोज्यालाही चालते. पण मोठ्यांच्या मोज्यात ती घाम शोषत नाही, पाय ओलसर राहतो. खास मोज्यांसाठीच्या धाग्यात ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं. १०० ग्रॅमच्या लडीत ४०० मीटरच्या आसपास धागा, त्यात बाईमाणसाचा एक जोड आरामात होतो. नायलॉनशिवायची नुसती मऊ मेरिनो पाहून भुलू नका, टाच दोन महिन्यांत विरते. आपली दख्खनी मेंढीची लोकर मला फार प्रिय आहे, पण ती राठ, घोंगडीसाठीच योग्य. मोज्यात टोचते.

आता रंगांकडे. आधी एक गोष्ट सांगते, कारण ती कळल्यावर माझी भीती गेली. मोजे आणि रंगीत नक्षी यांचं नातं फार जुनं आहे. दोन सुयांवरच्या खऱ्या विणकामाचे जे सर्वांत जुने अवशेष सापडले, ते इजिप्तमधले, निळ्या-पांढऱ्या सुती धाग्यातले, अकराव्या ते चौदाव्या शतकातले. त्यांत नक्षीचे मोजे आहेत! आपल्या देशात हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यातल्या बायका हिवाळ्यात मोजे आणि हातमोजे विणतात, भौमितिक नक्षीचे. २०२१ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. अटल बोगदा २०२० साली सुरू होण्याआधी रोहतांगची वाट बर्फाने बंद झाली की ते खोरं महिनोन्‌महिने तुटलेलं असायचं. बोगदा झाल्यावर मी लाहौलमधल्या केलाँगला गेले, तेव्हा दुकानात मोजा हातात घेतला तो आधी उलटा केला. मागचे धागे सपाट, सैल, एकाच लयीत. विकणाऱ्या बाई हसल्या आणि म्हणाल्या की आतून बघणारी म्हणजे विणणारी.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांजवळ फेअर आइल नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथली नक्षी १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना स्वेटरवर मिरवली आणि जगभर गेली. ती पाहिली की सात-आठ रंग एकदम हाताळलेत असं वाटतं. प्रत्यक्षात एका फेरीत दोनच रंग असतात, फेऱ्याफेऱ्यांनी ते बदलतात. एवढा एक नियम पाळलात तर तुम्हालाही सगळं जमेल. कधी एखाद्या ठिपक्यापुरता तिसरा रंग हवा असला तर तो विणून झाल्यावर सुईने टाक्यावर टाका शिवून भरा.

धागे धरायचे कसे? आपल्याकडे बहुतेकजणी धागा उजव्या हातात धरून सुईवर टाकतात. दोन्ही धागे उजव्या हाताने आलटूनपालटून टाकले तरी चालतं, पण गुंता होतो आणि वेग जातो. आमच्या गटात एक कुमाऊँच्या बाई आहेत, त्या डाव्या बोटावर धागा घेऊन सुईच्या टोकाने ओढून घेतात. त्यांच्याकडून मी ती रीत पन्नाशीजवळ शिकले. तेव्हापासून एक रंग उजव्या हातात, एक डाव्या. पण एकदा ठरवलं की पट्टा संपेपर्यंत अदलाबदल करायची नाही. जो धागा मागे खालून जातो त्याचे टाके किंचित मोठे दिसतात, म्हणून नक्षीचा रंग खालून आणि जमिनीचा, म्हणजे नक्षीमागचा मूळ रंग, वरून. मध्येच बदललात तर एकाच फुलाच्या अर्ध्या पाकळ्या फिक्या दिसतील आणि कारण सापडणार नाही.

सैलपणासाठी तीन गोष्टी करा. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे विणलेले टाके बोटांनी पसरून घ्या आणि मगच नवा रंग त्यांच्यामागून आणा. नक्षीच्या पट्ट्यापुरती सुई एक माप जाड घ्या. आणि तरीही आवळत असेल तर मोजा उलटा करून, मागची बाजू बाहेर ठेवून विणा. तुम्ही विणाल सुलटच, पण धागा गोलाच्या बाहेरून जाईल. बाहेरचा घेर आतल्यापेक्षा मोठा, म्हणून धागा आपोआप लांब पडतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी घट्ट हातांना याच एका बदलाने सोडवलं आहे.

पट्ट्यासाठी टाके वाढवा. ६४ चे ७२ करा, पट्टा झाला की परत ६४. ७२ ला ४, ६, ८, ९, १२ ने भाग जातो, त्यामुळे नक्षीही मनाजोगती बसते. पट्टा झाला की सगळे टाके एका लांब दोऱ्यावर काढून पाय घालून पाहा. टाच ओलांडली नाही तर तिथेच उसवा. पुढे टाच विणून मग उसवण्यापेक्षा पंधरा फेऱ्या केव्हाही कमी.

नक्षी कोणती? पहिली नक्षी करवतकाठीची घ्या, असं मी प्रत्येकीला सांगते. विदर्भातल्या साड्यांच्या काठावरचे ते करवतीचे दाते चार टाक्यांत बसतात: पहिल्या फेरीत तीन गडद एक फिका, दुसरीत दोन गडद दोन फिके, तिसरीत एक गडद तीन फिके, मग सगळे फिके. मागचा धागा कधीच तीन टाक्यांहून लांब जात नाही, त्यामुळे मध्ये कुठे अडकवावा लागत नाही. पाच टाक्यांहून लांब गेला की मात्र मध्ये एकदा दुसऱ्या धाग्याखाली धरून घ्यायचा. ठिपक्यांच्या रांगोळीतली सरळ रेघांची फुलंही छान उतरतात, वळणांची नाही. आणि चौकटीच्या कागदावर काढताना लक्षात ठेवा, विणलेला टाका उंचीपेक्षा रुंद असतो. कागदावरचं चौरस फूल मोज्यावर बसकं दिसतं. दोन ओळी वाढवा. वाचायचं खालून वर, आणि गोल विणताना प्रत्येक फेरी उजवीकडून डावीकडे.

पावलावर नक्षी इतक्यात नको. पोटरीवरच ठेवा. जोडवी घालणाऱ्या बायकांना हे मी मुद्दाम सांगते. जोडवं मागच्या धाग्यात अडकतं आणि मोजा काढताना अख्खी फेरी ओढली जाते.

गटाचा खरा उपयोग आता येतो. दर शनिवारी निघताना पाचही मोजे आतली बाजू बाहेर करून शेजारी शेजारी मांडा. कुणाचे धागे आवळलेत, कुणाचे लोंबतात, हे स्वतःच्या एकट्या मोज्यात कळत नाही, पाच एकत्र पाहिले की लगेच दिसतं. गप्पांचाही हातावर परिणाम होतो. माझ्या एका मोज्यात एक फेरी आवळलेली आहे, त्या दिवशी आम्ही कुणाच्या तरी आजारपणाबद्दल बोलत होतो. नक्षी सुरू करताना एकीने आकडे मोठ्याने वाचावेत, बाकीच्या चौघींनी विणावं, पाळीपाळीने. नक्षीच्या रंगाला दहा-पंधरा ग्रॅम लोकर पुरते, तेव्हा पाचजणींनी उरलेले गुंडे एका टोपलीत घातले तर नवीन काही विकत घ्यायला नको. आणि दुसरा मोजा राहून जाऊ नये म्हणून आम्ही पहिला तयार मोजा त्या टोपलीतच ठेवतो. दुसरा झाला की जोड घरी जातो. पहिल्याच्या ओळी लिहून ठेवा, नाहीतर महिन्याने दुसरा दोन बोटं लांब होतो.

रंग निवडताना दोन गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर काळापांढरा फोटो काढा. लाल आणि हिरवा डोळ्यांना वेगळे वाटतात, पण फोटोत एकाच राखाडीचे निघाले तर नक्षी दिसणार नाही. लाल, किरमिजी, गडद निळा वापरण्याआधी हातभर धागा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर तो गुंडा पांढऱ्याच्या जोडीला घेऊ नका. खऱ्या लोकरीचे मोजे थंड पाण्यात हाताने, न चोळता धुवा, नाहीतर आटतात. पावसाळ्याआधी सावलीत पूर्ण वाळवून कडुनिंबाच्या सुक्या पाल्याबरोबर बंद डब्यात ठेवा आणि अधूनमधून उघडून पाहा, कारण कसर सगळ्यात आधी टाच खाते.